मागच्याला दिसावं म्हणून

आमच्या अंगणात सध्या एक ट्रॉली उभी आहे आणि तिच्याकडे बघून लोक हसतात.

हसू देत. आहेच ती तशी. दोन्ही अंगांना पिवळ्या दिव्यांच्या रांगा, पुढच्या कोपऱ्यांवर पांढरे, मागे लाल, आणि जिथे म्हणून मोकळा पत्रा सापडला तिथे रेडियमच्या पट्ट्या. शिवाय लांब वायरच्या टोकाला एक सुटी फळी, तिच्यावरही लाल दिवे. भर दुपारी मी हे सगळं पेटवून एकेक दिवा तपासतो. रस्त्यानं जाणारा रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडतो, "तात्या, वरात कुठं चालली? डीजे कधी येतोय?" परवा समोरच्या नव्या टॉवरमधले एक गृहस्थ फिरायला निघाले होते. थांबून विचारतात, "अंकल, ये लाइटिंग किसके लिए?"

"आपके लिए," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. मीही समजावत बसलो नाही. पण ज्यांना कळायला हवं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचं गाव उमेळ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. एकेकाळी नजर जाईल तिथवर भात असायचं. आता इमारतींच्या मधल्या फटींतून दिसतं तेवढंच. तरीही दसरा झाला, वारं फिरलं, खाजणातल्या खारजमिनीचं पाणी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे झडपेतून, खाडीला गेलं की उरलेलं भात पिवळं पडतं, बगळे बांधावर येऊन उभे राहतात, आणि एका सकाळी विळ्यांचा तो कर्र-कर्र आवाज सुरू होतो. माणसं कमी झाली, आवाज तोच आहे. आणि वासही तोच. कापलेल्या भाताला एक गोडसर, घशाला किंचित झोंबणारा वास असतो. कुणी म्हणतं त्या वासानं भूक लागते. मला मात्र तीसेक वर्षं त्या वासानं घास गिळवत नाही. कापणीच्या दिवसांत मी काही ना काही निमित्त काढून गावाबाहेर जायचो. कुणाचं लग्न ठरवायला, कुणाला भेटायला, कधी नुसताच माणिकपूरला जाऊन बाजारात फिरत बसायला. घरचे म्हणायचे, बाबांना धुळीचा त्रास होतो. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

माझ्या लहानपणी भाताचे भारे बैलगाडीतून यायचे. गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्याची काच राखेनं पुसून लख्ख करायची, वात कापायची, हे काम माझं. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर आबा, म्हणजे माझे वडील, गाडी हलवत नसत. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, बैलांना तर अंधारातही रस्ता दिसतो." आबा म्हणाले, "बैलांना दिसतं रे. मागच्याला दिसत नाय." गाडी चालायला लागली की कंदील झोके खायचा, आणि चाकांच्या आऱ्यांच्या सावल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कुडांवर फिरत राहायच्या. जणू आमची गाडी सगळं गाव फिरवत घेऊन चालली आहे.

मग ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, आणि कंदील माळ्यावर गेला. ट्रॅक्टरला पुढे दोन डोळे आहेत, मागे कशाला काय, असा सगळ्यांचाच समज. ट्रॉलीला कंपनीनं दिलेले मागचे दिवे पहिल्याच मोसमात फुटले, कारण बांधाला ट्रॉली रिव्हर्समध्ये टेकवायची आमची पद्धत. वायरचा प्लग कुठेतरी कुंपणाला अडकून तुटला. राहिले मागच्या फळीवरचे दोन लाल गोल रिफ्लेक्टर. आम्हाला ते शोभेचे वाटायचे.

ट्रॅक्टर माझा होता, पण चालवायचा जनू. माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा. बुटका, दणकट, कानावर कायम विडी, आणि बोलणं असं की कापणीतल्या बायका विळा टाकून हसायच्या. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर तो नुसता शिव्या देऊन बाहेर काढतो, असं म्हणायचे. वर्षातून एकच दिवस जनू तोंडातून वाकडा शब्द काढत नसे. पहिल्या खेपेचा दिवस.

ही पहिली खेप काय ते सांगायला हवं, कारण आता गावातल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक नाही. नव्या भाताचे पहिले भारे घरी जात नाहीत, गावदेवीला जातात. ते नेणारा मानकरी त्या दिवशी सूर्योदयापासून उपाशी असतो. आधी गाडीवान मानकरी असायचा, मग ड्रायव्हर झाला. देवळापुढे गाडी थांबली की पुजारी विचारतो, "खेप कोनाची?" मानकरी आपल्या घराचं नाव सांगतो, नारळ फुटतो, आणि मग तो पहिला घास खातो. वाटेत बांध संपतो तिथे चेडोबा आहे, बांधाचा राखणदार. त्याला दारूची बाटली द्यायची असते. ही बाटली देवाची, म्हणून ती जमिनीला टेकवायची नाही. कापडी पिशवीत घालून गाडीला टांगायची, ती थेट चेडोबापुढेच उतरवायची.

त्या वर्षी, म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी, पिशवी मी टांगली. ट्रॅक्टरच्या मडगार्डला, जनूच्या खांद्याशी.

भारेही मीच रचले. भात उदंड आलं होतं आणि मला मिरवायचं होतं. ट्रॉलीच्या मागे हातभर, मग दोन हात, भारे बाहेर काढत गेलो. वर कणसांचं, आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं जाड तोरण केलं होतं. ते मागच्या फळीवर बांधलं, अगदी रिफ्लेक्टरवरून. जनू खाली उभा राहून बघत होता. म्हणाला, "दादा, दोन खेपा करू ना. मागे पार झाकलंय सगळं. दिवाबी नाय आपल्याला."

मी वरून म्हटलं, "पहिली खेप कधी दोन असते का रे? आणि अजून उजेड आहे."

उजेड होता. खाडीवर सूर्य टेकायला आला होता. पण भारे आवळण्यात, दोर टाकण्यात, बायकांनी ओवाळण्यात तो गेला. रस्त्याला लागलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ना धड दिवस, ना धड रात्र. अशा वेळी भाताचा पिवळा रंग मरतो आणि रस्त्याच्या धुळीसारखा होतो. मी भाऱ्यांवर बसलो होतो, मागे तोंड करून. लांबून एका मोटारसायकलचा दिवा येताना दिसला. पलीकडून एक ट्रक आला, भगभगीत प्रकाश टाकून गेला. मोटारसायकलचा दिवा जवळ येत राहिला. मला वाटलं, आता तो हळू होईल. आता वळेल. तो मला दिसत होता. आम्ही त्याला दिसत नव्हतो. मग तो दिवा माझ्या खाली, भाऱ्यांच्या खाली शिरला आणि विझला.

जनूनं करकचून ब्रेक मारला. पुढचं एक चाक गटारात गेलं, पिशवी मडगार्डवर आपटली, बाटली फुटली, आणि चेडोबाची दारू जनूच्या सदऱ्यावर सांडली. तसाच ओल्या सदऱ्यानं तो मागे धावला. मोटारसायकलवाल्याला भाऱ्यांखालून ओढून त्यानंच बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. लोक जमले. आणि पहिला जो वाकला, तो नाकाला हात लावून म्हणाला, "हा तर प्यायलाय."

उपाशी राहायचं त्या दिवशी प्यायला. देवीची खेप नेताना प्यायला. अर्ध्या तासात ते गावभर झालं. जनू सगळ्यांकडे बघून म्हणत होता, "मी नाय पिलो. देवाशप्पथ नाय पिलो. दादाला विचारा." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "आधी त्या माणसाला दवाखान्यात न्या."

किती शहाणं वाक्य! त्यात एक शब्द खोटा नाही. पुढची सगळी वर्षं मी त्या वाक्यावर काढली.

मोटारसायकलवाला गिरीज गावचा. आंतोन त्याचं नाव, केळीची वाडी करणारा. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला घरी पोहोचायच्या घाईत होता. पाय तुटला, जीव वाचला. मी दवाखान्यात रोज गेलो, सगळा खर्च केला, त्याच्या घरच्यांशी बोलून पोलिसांत काही जाऊ दिलं नाही. लोक म्हणाले, तात्यांनी भावाचं निस्तरलं, केवढा मोठेपणा! आज मी सांगतो, त्यात मोठेपणा नव्हता. केस झाली असती तर पोलिसांनी ट्रॉलीचे दिवे बघितले असते. केस झाली असती तर जनूचं रक्त तपासलं गेलं असतं आणि दुसऱ्याच दिवशी तो सुटला असता. मी त्याला वाचवलं म्हणतात. मी त्याच्या सुटकेची एकमेव वाट बुजवली.

खेपेचा मान जनूच्या घरातून गेला. त्यानं ट्रॅक्टरच सोडला. माझ्याशी भांडला नाही. एकदाही नाही. मी वाट बघत होतो त्या भांडणाची. तो समोर आला की मान हलवायचा आणि बाजूनं जायचा. काही वर्षांपूर्वी तो गेला. आणि गावात आजही कुणी तरुण पोरगा गाडीवर वेडावाकडा बसला की म्हातारे म्हणतात, "जनूसारखं करू नको."

यंदा हे मी माझ्या नातवाच्या तोंडून ऐकलं. जनू कोण हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ती नुसती म्हण झाली होती. त्या दिवशी मी गोठ्यामागून ट्रॉली बाहेर काढायला लावली.

मुलगा म्हणाला, "बाबा, दोन तर शेतं उरलीत. त्यासाठी एवढे दिवे? आणि लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना मी सांगतो. तू वायर आण."

माणिकपूरहून वायरिंगवाला आला. पोट सुटलेला, बोलका माणूस. "काका, कायद्याला मागचे दोन दिवे आणि रिफ्लेक्टर पुरतात. बाजूला कशाला?" मी म्हटलं, "नाक्यावर उभ्या माणसाला ट्रॅक्टर गेलेला दिसतो. त्याला वाटतं गेली गाडी, आणि तो घुसतो. मधे ट्रॉली आहे हे त्याला कुणी सांगायचं?" तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि हसत हसत कामाला लागला. एकच गोष्ट त्यानं ठामपणे सांगितली, जुने तापणारे बल्ब पेंढ्याजवळ नकोत, एलईडीच घ्या. घेतले.

दिवे लागले आणि त्या रविवारी मी देवळात गेलो. पहिल्या खेपेचा मान यंदा कुणाकडे, हे ठरायचं होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. भारे कुणी रचले, तोरण कुठे बांधलं, पिशवी कुणी टांगली, बाटली कशी फुटली. जनू सकाळपासून उपाशी होता, मी त्याच्याबरोबर दिवसभर होतो, हेही.

कमिटीतला माझा पुतण्या म्हणाला, "तात्या, जुनं कशाला उकरता? माणूसच राहिला नाही आता."

"म्हणूनच. त्याला आता स्वतः सांगता येत नाही."

खांबाशी बसलेली एक म्हातारी ताडकन म्हणाली, "आन तवा तुझी जीभ कुटं गेलती रं?"

"तोंडातच होती, काकी. भ्यालो होतो."

"मेल्या," ती म्हणाली. एवढंच. त्या सभेत मला मिळालेला तो सगळ्यात सरळ शब्द.

पुतण्यानं पुन्हा समजूत घातली, की तुमचं मन मोकळं झालं ना, मग झालं. मला त्याचा राग आला. माझ्या मनाचं मोकळं होणं हा विषयच नव्हता. मी म्हटलं, "यंदा खेप जनूच्या घरची. नाहीतर माझ्या शेतातला एक भारा देवळात येणार नाही. आणि माझं शेत सोडून खेप भरेल एवढं भात गावात आहे कुणाकडे? असेल तर हात वर करा." कुणी केला नाही. गावानं जमिनी विकल्याचा उपयोग असाही होतो.

जनूच्या घरात आता गाडी चालवते ती त्याची मुलगी, मनीषा. गिरीजच्या वाड्यांमधली केळी, पालेभाजी टेम्पोत भरून बाजारात नेते. देवळातलं तिच्या कानावर गेलं होतंच. संध्याकाळी टेम्पो दारात लावून उतरली. मी बस म्हटलं, बसली नाही.

"तात्या, बाबांना हे सांगितलंत कधी? की चूक तुमची होती म्हणून?"

"त्याला माहीत होतं."

"माहीत होतं ते वेगळं. सांगितलंत का?"

"नाही."

"सणाच्या दिवशी बाबा पुढच्या ओटीवर बसायचे नाहीत. मागच्या पडवीत बसायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये म्हणून. आई ताट तिकडे न्यायची. मान नकोय मला तुमचा. घरी नारळ पुष्कळ आहेत."

ती जायला वळली, आणि वळता वळता ट्रॉलीकडे बघितलं. मागे जाऊन उभी राहिली. मग मागच्या फळीवरच्या दिव्यांपासून हात लांब करत दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "भारे इथपर्यंत येणार ना? मग हे दिवे दिसणार कोणाला? उंदरांना?"

एवढ्या वर्षांचं ओझं डोक्यावर घेऊन दिवे लावायला निघालो, आणि दिवे पुन्हा तिथेच लावले जिथे माझेच भारे त्यांना झाकणार होते. माणूस पश्चात्तापातही आपली जुनी सवय सोडत नाही.

"दिवे ट्रॉलीला नकोत, भाऱ्यांना हवेत," ती म्हणाली. "एक सुटी फळी करा. लांब वायर. भारे भरून झाले की सगळ्यात शेवटच्या टोकाला बांधायची. आणि तोरण पुढे बांधायचं, मागे नाही. आणि भारे कमी. दोन खेपा. कोणी काही म्हटलं तर मला सांगा, मी बघते."

"म्हणजे तू येणार?"

"बाबांनी दोन खेपा सांगितल्या होत्या ना? त्या करायला येणार."

खेपेआधी एक दिवस मी गिरीजला गेलो. आंतोनला आता काठी लागते. वाडीत केळीचा घड उतरवून घेत होता. त्यालाही सगळं सांगितलं. तो केळीच्या पानानं हात पुसत म्हणाला, "मला काहीच दिसलं नव्हतं, तात्या. आधी भाताचा वास आला. एवढा वास कुठून, म्हणून नवल करतोय तोवर काळोख." मग म्हणाला, "ज्यानं मला मांडीवर घेतलं त्याच्या सदऱ्याला दारूचा वास होता, तोंडाला नव्हता. मी घरी सांगितलं होतं. पण मला कोण विचारायला आलं?"

कुणीच नाही. मी रोज दवाखान्यात जात होतो, आणि मी तर मुळीच नाही.

पहिल्या खेपेच्या दिवशी मनीषा सकाळपासून उपाशी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भारे बेताचे रचले. लाल दिव्यांची फळी तिनं स्वतः शेवटच्या भाऱ्याच्या दोराला बांधली आणि हलवून बघितली. चेडोबाची बाटली या वेळी प्लॅस्टिकची होती. तीही तिचीच अट, आणि चेडोबाची काही तक्रार नसावी. सूर्य खाडीवर होता, शेत अजून सोनेरी दिसत होतं. मी खाली, ट्रॉलीच्या मागे उभा होतो.

"दिवे लाव," मी ओरडलो.

पुतण्या म्हणाला, "तात्या, अजून उजेड आहे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच मनीषानं बटण दाबलं होतं. उन्हात ते दिवे फिकट दिसत होते, थोडे हास्यास्पदही. पण रस्त्याला लागलो, ती तिन्हीसांजेची राखाडी वेळ आली, भारे, रस्ता, माणसं सगळं एका रंगाचं झालं, आणि ते लाल दिवे कुणी हळूहळू वात वर केल्यासारखे भरत गेले. टॉवरच्या गॅलऱ्यांमध्ये लोक उभे होते. मोबाइल काढत होते. रिक्षा मागे हळू होत होत्या आणि लांबूनच वळण घेऊन जात होत्या. मी मागून चालत होतो. पार पाठीमागे, वळणावर एक स्कूटर थांबलेली होती. पुढे आंतोनचा मुलगा, मागे काठी घेऊन स्वतः आंतोन. तिथूनच तो ओरडला, "दिसतंय रे, दिसतंय! डोळे फुटायची वेळ आली!"

देवळापुढे ट्रॅक्टर थांबला. पुजाऱ्यानं विचारलं, "खेप कोनाची?"

मनीषा म्हणाली, "जनूच्या घरची."

तिथे थांबायचं असतं. त्यापुढे नारळ फुटतो, दुसरं काही बोलायची रीत नाही. मी बोललो. जेवढा आवाज राहिला आहे तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "उपाशी आलेल्या माणसाच्या घरची."

पुजाऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग मनीषाकडे. आणि नारळ फोडला.

दुसरी खेप झाली, तिलाही दिवे होते. अजून पेंढा आणायचा आहे, म्हणून ट्रॉली अंगणात आहे. कुणी म्हणतं, रीत मोडली. कुणी म्हणतं, म्हातारा प्रायश्चित्त घेतोय. प्रायश्चित्त माणूस स्वतःसाठी घेतो, मला त्यात रस नाही. पुढच्या वर्षी मी असलो तर देवळापुढचं ते वाक्य पुन्हा म्हणेन, नसलो तर मनीषा म्हणेल. ज्याला ते पटत नसेल त्यानं यावं आणि माझ्याशी बोलावं. घर शोधावं लागणार नाही. दिवे लावलेले आहेत.